नात्याचा रकाना

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. चौथीत असताना तो माझ्या हाताखाली होता. पाढे पाठ नसले की पोटात दुखत असल्याची सबब सांगणारा. आता तो पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा नावाच्या प्रदेशात, लोखंडाच्या एका खाणीवर पर्यवेक्षक आहे. म्हणजे पूर्वी मी त्याची हजेरी घेत असे, आता तो तीस-चाळीस माणसांची घेतो. फराळाचे ताट पुढे आले, चकलीचे कौतुक झाले, आणि मग त्याने एकदम विचारले, "गुरुजी, नियम सगळ्यांना सारखा लावला तर त्यात अन्याय होतो का हो?"

सणासुदीला असा प्रश्न कोणी विचारू नये. पण त्याने विचारला खरा. आणि वर्ष उलटले तरी तो काही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून यंदाच्या फराळात तो तुमच्याही पानात वाढतो आहे. गोड मानून घ्यावा.

हकीकत अशी. त्याच्या तुकडीत तिकडचा एक आदिवासी होता. दोनशे टनांहून अधिक दगडमाती वाहून नेणारे प्रचंड ट्रक तो चालवीत असे, आणि हात असा की तुकडीत त्याला जोड नव्हती. या लोकांना नोकऱ्या द्या, असा तिकडे सरकारचा आग्रह असतो. कंपन्याही तशी वचने देतात. त्या वचनाखालीच याची भरती झालेली. एके दिवशी याने सांगितले, माझी आई वारली, मला जायला हवे. रजा मिळाली दोन दिवसांची. तो परतला नवव्या दिवशी. मागाहून कळले की, वारली ती आई नव्हे, आईची बहीण. त्यापूर्वी एकदा 'भाऊ' म्हणून सांगितलेला मनुष्य चुलतभाऊ निघाला होता, आणि एकदा 'आजोबां'चे असेच काहीतरी झाले होते. तिसरी वेळ म्हणून कागद तयार झाला : खोटी माहिती, बिनपरवानगी गैरहजेरी, सबब नोकरीवरून कमी. कागदावर सही माझ्या विद्यार्थ्याची.

"माझे काका गेले तेव्हा मलाही एक दिवस मिळाला नाही, गुरुजी," तो म्हणाला. "मी फोनवरच रडलो आणि पाळीवर गेलो. मग त्याला नऊ दिवस कोणत्या न्यायाने द्यायचे?"

स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, "अरे, माय मरो पण मावशी जगो, असे म्हणतात ना आपल्यात? मग त्या बिचाऱ्याने खोटे काय सांगितले?"

तो हसला. मीही हसलो. पण चकली त्याच्या हातातच राहिली.

खरोखरच त्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या अनेक आदिवासी समाजांत आईच्या बहिणी या आयाच असतात आणि बापाचे भाऊ हे बापच. हा नुसता प्रेमाचा उपचार नव्हे. कोणी कोणाचे वाढवायचे, कोणी कोणाशी लग्न करायचे, कोणाच्या मृत्यूनंतर कोणी काय करायचे हे सारे त्या नात्यांवर ठरते. त्यांच्याकडच्या दुखवट्याला तिकडच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' असा शब्द रूढ आहे. शेकडो मैलांवरून माणसे येतात. ती जमेपर्यंत अंत्यविधी थांबतो. पुष्कळ ठिकाणी गेलेल्या माणसाचे नावसुद्धा काही काळ उच्चारीत नाहीत. ज्याचे कर्तव्य आहे तो आला नाही तर तो आपल्या माणसांतून उठला. सुतक, दहावा, तेरावा या गोष्टी ज्यांच्या घरात अजून पाळल्या जातात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तिकडचा कायदा काय म्हणतो? जवळचा नातलग वारला तर दोन दिवसांची रजा. जवळचा म्हणजे जोडीदार, आईबाप, मुले, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे, किंवा एकाच घरात राहणारा. यादी वाईट नाही. ज्या माणसांनी ती केली त्यांच्या घरात तेवढीच माणसे असतात, एवढेच. त्यांनी आपल्या घराकडे पाहून यादी केली आणि तिला 'सर्वांसाठी' असे नाव दिले.

आता कोणी म्हणेल, हा एका रजेचा प्रश्न. त्यावर दिवाळी अंकाची पाने कशाला? माझेही प्रथम तसेच मत झाले होते. परंतु त्या मुलाने जाताना एक वाक्य टाकले. तो म्हणाला, "तिकडे सगळे म्हणतात, ही माणसे चांगली, पण भरवशाची नाहीत. वेळेचे भान नाही त्यांना." हे वाक्य मला खटकले. शाळामास्तराला अशी वाक्ये ओळखीची असतात. ती त्याच्याही तोंडून हजार वेळा गेलेली असतात. मी मॅट्रिकपुरता शिकलेला मनुष्य. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या निमित्ताने वाचायची खोड लागलेली आहे. तेव्हा या पिलबाराविषयी जे मिळेल ते वाचीत गेलो, आणि जे वाचले त्याने थक्क झालो.

पिलबारा हा मुलूख आकाराने महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. खाणी येण्यापूर्वी तिथे मेंढ्यांची आणि गुरांची अफाट कुरणे होती, आणि त्या कुरणांचा कारभार आदिवासींच्या अंगावर चाले. मोबदला काय? पीठ, चहा, साखर, मांस, तंबाखू. पैसे पुष्कळांना मिळतच नसत. मिळाले तर नावापुरते. परवानगीवाचून जागा सोडून जाता येत नसे. १९४२ साली ठिकठिकाणचे आदिवासी पुढारी एकत्र जमले आणि त्यांनी संपाचा निर्णय घेतला. मात्र महायुद्ध संपेपर्यंत थांबायचे असे ठरले. दिवस नेमला १ मे १९४६. मेंढ्यांची लोकर कातरण्याचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

पण कळवायचे कसे? कुरणे एकमेकांपासून कित्येक मैल दूर; लिहिता-वाचता येणारे जवळजवळ कोणी नाही; टेलिफोन मालकांच्या घरात. तेव्हा दिवसांच्या खुणा केलेली साधी कॅलेंडरे तयार झाली. डूली बिन बिन नावाचा एक पुढारी ती घेऊन कुरणाकुरणांतून हिंडला. रोज एक खूण खोडायची. खुणा संपल्या की निघायचे. ठरल्या दिवशी वीसहून अधिक कुरणांवरचे निदान आठशे मजूर बाहेर पडले. पुढाऱ्यांना तुरुंग झाला, शिधा तुटला, तरी संप १९४९ पर्यंत चालला. वेळेचे भान नसलेली ही माणसे!

त्यातले पुष्कळजण कुरणांवर परत गेलेच नाहीत. त्यांनी एकत्र राहून हातांनी खनिजे काढली. धान्य पाखडायचे त्यांच्या बायकांचे एक लांबट भांडे असते, त्याला यांडी म्हणतात. आपल्या सुपाचेच भावंड म्हणा. त्या यांडीने त्यांनी मातीतून कथील पाखडून वेगळे केले, विकले, आणि त्या पैशांतून पुढे स्वतः जमिनी घेतल्या. काम नको होते असे नव्हे. कोणाचे आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न होता.

याहून बोलकी गोष्ट उत्तरेकडची आहे. उत्तर प्रदेशात (म्हणजे तिकडच्या 'नॉर्दर्न टेरिटरी'त, आपल्या उत्तर प्रदेशाशी घोटाळा नको) गुरांचे मोठमोठे मळे होते. आदिवासी मजुरांनाही गोऱ्यांइतकेच वेतन द्यावे की नाही यावर लवादापुढे खटला चालला. मळेवाल्यांचे म्हणणे असे की, यांतील बहुतेकांचे काम पूर्ण वेतनाच्या योग्यतेचे नाही. विचार करा : ज्यांच्या श्रमांवर दोन-तीन पिढ्या मळे चालले, ज्यांच्यावाचून एक गुरू गोठ्यात येत नव्हते, तीच माणसे वेतनाचा प्रश्न निघताच कमी लायक ठरली! १९६६च्या मार्चमध्ये निकाल लागला. समान वेतन द्यावे. पण डिसेंबर १९६८ पासून. मालकांना सवड हवी ना! त्याच वर्षी २३ ऑगस्टला वेव्ह हिल या मळ्यावरून, व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या चाकरीतून, सुमारे दोनशे गुरिंजी माणसे बायकामुलांसह चालती झाली. पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी. मजुरीचा तंटा पाहता पाहता जमिनीचा झाला. १९७५च्या १६ ऑगस्टला पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तिथे गेले आणि त्यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर माती ओतली. ते छायाचित्र आज त्या देशात पोराटोरांना ठाऊक आहे. (लवादापुढे मळेवाल्यांची बाजू मांडणारे वकील जॉन कर पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि त्यांनीच त्या समारंभानंतर तीन महिन्यांच्या आत व्हिटलमना पदच्युत केले. कादंबरीत असे लिहिले तर संपादक ओढूनताणून आणलेले म्हणून परत पाठवतील.)

आणि समान वेतन लागू झाल्यावर काय झाले? मळेवाल्यांनी माणसे कमी केली. कुंपणे आली, हेलिकॉप्टरे आली, आणि वेतनाचा बोजा हे निमित्त झाले. किती दोष यंत्रांचा आणि किती मनाचा याचा वाद तिकडचे इतिहासकार अजून घालतात. पण परिणाम एकच. जी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आपल्याच भूमीवर, भले मालकाच्या चाकरीत, राहिली होती, ती गावांच्या कडेला झोपड्यांत येऊन पडली. मग काही वर्षांनी तिथूनच जाणारे-येणारे म्हणू लागले, ही माणसे कामे का करीत नाहीत बरे?

हे वाचल्यावर 'नोकरी देणे' या शब्दांविषयीच मला संशय वाटू लागला. देणारा कोण आणि घेणारा कोण? क्वीन्सलंड राज्यात आदिवासींची मजुरी वर्षानुवर्षे सरकारच ताब्यात ठेवी. १९३९ ते १९७२ या काळातल्या त्या पैशांबद्दल २०१९ साली सरकारला १९ कोटी डॉलर देण्याचे कबूल करावे लागले. बुडालेल्या मजुरीची ही तडजोड. आणि ती झाली तेव्हा कष्ट केलेल्यांपैकी कितीतरी जण मातीआड गेलेले होते. अशा घराण्यातल्या नातवाला आज कोणी नोकरी देत असेल तर त्याला दान म्हणण्याची माझी जीभ रेटत नाही.

आजची स्थितीही सांगितली पाहिजे. त्या देशात या लोकांची संख्या २०२१च्या अंदाजाप्रमाणे पावणेदहा लाखांवर, म्हणजे शेकडा चारांहूनही कमी. पंचवीस ते चौसष्ट वयाच्या माणसांपैकी कामावर असलेल्यांचे प्रमाण २०१६ साली शेकडा ५१ होते, ते २०२१ साली ५५.७ झाले, २०३१ पर्यंत ६२ करायचे असा राष्ट्रीय संकल्प आहे. इतर लोकांत ते प्रमाण पाऊणशेच्या वर आहे. आपल्यासारख्या राखीव जागा तिकडे घटनेत नाहीत. मालकांची मने वळवायची, हा मार्ग. त्यासाठी सरकारने २०१५ पासून आपल्या ठेक्यांपैकी काही हिस्सा आदिवासींच्या मालकीच्या उद्योगांना देण्याचे ठरवले. कारण अनुभव असा की, ते उद्योग आपल्या माणसांना इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक घेतात आणि सांभाळतात. २००६ साली पोर्ट हेडलंड येथे फोर्टेस्क्यू या खाण कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. तोवर रीत अशी होती की, आधी शिका, मग नोकरीचे पाहू. माणसे एकामागून एक प्रशिक्षणे घेत, प्रमाणपत्रांची चळत होई, आणि नोकरी नाहीच. यांनी क्रम उलटा केला : नोकरी आधी ठरलेली, शिक्षण तिच्यासाठी. सोपे वाटते, पण ज्याला शंभरदा 'पाहू' ऐकावे लागले आहे त्याला विचारा. पुढे २०१४ पासून सरकारनेही तो क्रम उचलला, आणि यशाची कसोटी ठरवली सव्वीस आठवडे. एवढे दिवस मनुष्य टिकला की योजना फळली.

सव्वीस आठवडे! म्हणजे जेमतेम अर्धे वर्ष. या सव्वीस आठवड्यांपुढे काय होते तिथेच खरी मेख आहे. माणूस घेण्याचा समारंभ करता येतो. फोटो निघतो, हार पडतो. माणूस ठेवण्याचा समारंभ नसतो. ते काम रोजचे, कंटाळवाणे, आणि बहुधा माझ्या विद्यार्थ्यासारख्या मधल्या माणसाच्या गळ्यात पडणारे. वरचे साहेब वचन देतात; पाळी रिकामी राहिली तर जाब मात्र याला द्यावा लागतो. त्याची अडचण मी खोटी म्हणणार नाही. एक चालक आला नाही म्हणजे दुसऱ्याला आधीच बारा तासांची पाळी, वर आणखी ताण. त्या दुसऱ्यालाही घर आहे. 'मला का नाही?' हा प्रश्न त्यालाही पडतो, आणि तो दुष्टपणाचा नसतो.

पण मी त्याला एकच विचारले. "तुमच्याकडे वादळे येतात म्हणतात, ती कधी येतात?"

तो म्हणाला, "नोव्हेंबर ते एप्रिल. चक्रीवादळाचा इशारा आला की पोर्ट हेडलंडचे बंदर रिकामे करतात. खाणीही थांबतात कधी कधी."

"मग तुमची कंपनी वादळाला नोकरीवरून कमी करते का?"

तो पाहतच राहिला. वादळ येणार हे धरून त्यांचे वर्षाचे गणित मांडलेले असते. त्याला कोणी बेभरवशाचे म्हणत नाही. दुखवटा मात्र दर वेळी अचानक आल्यासारखा वागवला जातो. आणि तो त्या माणसांच्या घरी इतरांपेक्षा अधिक वेळा येतो, याचेही कारण आहे. २०२०–२२च्या हिशेबाने आदिवासी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षे, स्त्रीचे ७५.६, इतरांपेक्षा आठ वर्षांहून अधिक कमी. नाती अधिक, आणि मरणेही लवकर. ज्याला सर्वांत अधिक वेळा स्मशानात जावे लागते त्यालाच आपण विचारतो, सारखा रजा का मागतोस?

तुकडीत अशी पाचसहा माणसे एकत्र घेतली, त्यांच्यावर त्यांच्यातलाच एखादा वडीलधारा नेमला, दुखवट्यासाठी आधीपासून जादा माणूस ठेवला, तर काय बिघडेल? काही ठिकाणी असे करतातही. काही करारांत विधींसाठी स्वतंत्र रजा असते. खर्च येतो. पण दर सहा महिन्यांनी नवा माणूस शोधून त्याला तो अजस्र ट्रक शिकवण्याचा खर्च कोणत्या खात्यात पडतो, हे त्या मुलाला सांगता आले नाही. तसले खाते नसतेच बहुधा.

मात्र सगळे रजेने सुटेल असे समजण्याइतका मी भोळा नाही. २०२० सालच्या मे महिन्यात याच पिलबारात रिओ टिंटो कंपनीने खाणीसाठी जूकन घळीतील, सेहेचाळीस हजार वर्षांपूर्वी माणसे राहत होती अशी, शैलाश्रयस्थाने सुरुंग लावून उडवली. तिथले मूळ मालक विरोध करीत होते. ज्या कंपनीच्या पगारपत्रकावर शेकडो आदिवासी आहेत तीच ही. तेव्हा पगाराच्या पाकिटाने सगळे फेडता येते, असे मालकांनी समजू नये. आणि वाचकांनीही समजू नये. तरीही नोकरी ती नोकरी. चूल तिच्यावर पेटते.

एवढे मी त्या मुलाला ऐकवले आणि मग माझा आवाज बसला. कारण मधेच मला माझा हजेरीपट आठवला.

माझ्या नोकरीचे ते दुसरे वर्ष. कातकऱ्याचा एक मुलगा वर्गात होता. गणित असे करी की मला बोट धरावे लागू नये. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर जात, त्याला घेऊन. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असे. होळीनंतर परत येत. तपासणी जवळ आली होती. पटावर रिकाम्या रकान्यांची रांग बरी दिसत नाही. मी त्याचे नाव लाल शाईने कमी केले. नियमाप्रमाणे. तो परतला तेव्हा त्याने वर्गाच्या दारात उभे राहून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहिली. ते पुकारले गेले नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मीही पाड्यावर गेलो नाही. जायला पाऊण तास लागला असता.

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. तो विद्यार्थी त्याच्याच वर्गात होता. तो म्हणाला, "मला आठवतो तो, गुरुजी. माझ्या पाट्या तोच करून द्यायचा."

पुढे कोणी फारसे बोलले नाही. जाताना त्याने आपल्या तुकडीसाठी शंकरपाळ्यांचा डबा मागून घेतला. त्या चालकाचा पत्ता लागेल का, म्हणून मी विचारले. म्हणाला, एका आदिवासी ठेकेदाराकडे लागला आहे असे ऐकले, विचारून पाहतो.

श्रावणात त्याचा फोन आला. रजेच्या अर्जात 'नाते' असा रकाना असतो, आणि त्याखाली ठरलेल्या नात्यांची यादी. त्यातले एक निवडायचे. ती यादी काढून टाकावी आणि रकाना कोरा ठेवावा, म्हणजे ज्याचे त्याला लिहिता येईल, असे त्याने वरच्या साहेबांना लिहून दिले आहे. साहेबांनी विचारले, मग कोणीही काहीही लिहील, त्याचे काय करायचे? याने उत्तर दिले, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला विचारायचे, तो सांगेल. साहेब म्हणाले, पाहू.

दोन महिने झाले. अजून पाहताहेत.